तोंड उघडा, उदगीरकर!

मुलाखतीचं पत्र आलं की उदगीरच्या घरात आधी इस्त्री तापते. नवा पांढरा शर्ट येतो, काळे बूट येतात, कुणाकडून तरी टाय येतो. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्सचे दोन-तीन संच तयार होतात. आई देवाला नारळ बोलते. उमेदवारानं मात्र आदल्या रात्रीपर्यंत स्वतःबद्दल एक वाक्यही मोठ्यानं बोलून बघितलेलं नसतं.

ज्या परीक्षेत फक्त बोलायचं असतं, तिची तयारी आपण गप्प बसून करतो. पेरणीच्या दिवशी बी शोधायला निघावं, तसं हे चाललंय.

‘कॉन्फिडन्स पाहिजे’ असं काका सांगतात, क्लासवाले सांगतात, मोबाईलवरचे व्हिडिओही सांगतात. तो मिळतो कुठं, हे कुणी सांगत नाही. मी सांगतो. जे बोलायचं ते पक्कं माहीत असलं आणि चार माणसांपुढं आधी अनेकदा बोलून झालेलं असलं, की आत्मविश्वास येतो. दोन्ही गोष्टी उदगिरात राहून होतात, आणि पैसा न खर्चता होतात. पुण्याच्या पेठेत खोली घेतल्यानं त्यातली एकही आपोआप होत नाही.

लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. दुष्काळी भागातल्या पोरांनी मेडिकल आणि इंजिनिअरिंगची दारं मेहनतीनं उघडली. पण या पद्धतीत हात घडतो आणि जीभ तशीच राहते. चार पर्यायांतला एक गोल काही सेकंदांत काळा करायला पोरगं शिकतं. ते उत्तर बरोबर का, हे शेजारच्याला समजावून सांगायची वेळच त्याच्यावर येत नाही. वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं तर घरी बोलणी बसतात, ‘त्यानं काय मार्क वाढणार हायेत का?’ वर्गात जास्त प्रश्न विचारले तर सर म्हणतात, ‘सिलॅबस संपवू दे.’ असं दहा-बारा वर्षं गप्प बसवलेलं लेकरू बाविसाव्या वर्षी तीन अनोळखी माणसांसमोर बसतं आणि ते विचारतात, ‘स्वतःबद्दल सांगा.’ त्याच्या घशाला कोरड पडली तर दोष त्याचा कसा? त्याला गप्प बसवणाऱ्या घराचा आणि शाळेचा तो दोष आहे.

पण दोष दुसऱ्याचा असला तरी नोकरी त्याचीच जाते. म्हणून कामाचं बोलू.

पहिलं काम म्हणजे आपल्या नोकरीला मुलाखत आहे का, हे बघणं. १५ ऑगस्ट २०१५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी छोट्या पदांच्या मुलाखती बंद करण्याचं आवाहन केलं, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखती बंद झाल्या. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची असते, मुलाखत नसते. आयबीपीएसमधून बँकेत लिपिक व्हायचं तर मुलाखत नाही. अधिकारी म्हणजे पीओ व्हायचं तर आहे, आणि अंतिम यादीत लेखीचा वाटा ८० तर मुलाखतीचा २० असतो. त्यामुळं पोलीस भरतीच्या पोरानं मुलाखतीच्या कोर्सला पैसे भरू नयेत, त्यानं गोळाफेक सुधारावी.

आता मुलाखत कुठं आहे ते बघा. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची, मिळून २०२५. यूपीएससीची मांडणीही हीच. शिक्षक भरतीत पवित्र पोर्टलवर खासगी संस्थेनं ‘मुलाखतीसह’ हा पर्याय घेतला असेल, तर मुलाखत आणि अध्यापन कौशल्य मिळून ३० गुण. आणि पुणे-हैदराबादच्या कंपन्यांत तर बहुतेक ठिकाणी मुलाखतच सगळं ठरवते. कुठल्या दारात उभं राहायचंय हे आधी ठरवा. प्रत्येक दाराची तयारी वेगळी आहे.

दुसरं काम म्हणजे आपला अर्ज पाठ करणं. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीत पॅनेलसमोर तुम्ही भरलेला अर्जच असतो. गाव, जिल्हा, पदवीचा विषय, छंद, आधीची नोकरी, मधली रिकामी वर्षं. प्रश्न तिथूनच निघतात. म्हणजे बरीचशी प्रश्नपत्रिका तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलेली असते. तरीही आपली पोरं जगातल्या सगळ्या राजधान्या पाठ करतात आणि अर्जातल्या पहिल्या ओळीवर अडखळतात. ती ओळ असते, ‘मु. पो. उदगीर’.

उदगीरबद्दल काय विचारतील? ‘उदगीरची लढाई’ हे शब्द पॅनेलमधल्या कुठल्याही वाचणाऱ्या माणसाला आठवणार. तारीख ३ फेब्रुवारी १७६०. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ, समोर निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजाम अली. इथपर्यंत गाइडमध्ये मिळतं. गुण पुढच्या प्रश्नाला असतात. तोफखाना कुणाचा होता? इब्राहिमखान गारद्याचा, आणि हा गारदी आधी निजामाच्याच पदरी होता. पुढं काय झालं? वर्ष पुरं व्हायच्या आत, १४ जानेवारी १७६१ ला, हेच भाऊसाहेब आणि हाच गारदी पानिपतावर होते. मग खरा प्रश्न येतो, ‘उदगीरच्या विजयानं मराठ्यांचा पानिपतावर घात केला, असं तुम्हाला वाटतं का?’ याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात तयार मिळणार नाही. दोन्ही बाजू मांडून स्वतःचं मत द्यावं लागेल. किल्ल्यात फिरताना सेल्फी काढणाऱ्या पोरांनी एकदा या प्रश्नावर तासभर भांडावं. त्या तासात जी तयारी होईल, ती शंभर पानांच्या नोट्सनं होणार नाही.

पुढचा प्रश्न सीमेचा. उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तालुका तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात. भालकी आणि बीदरवर महाराष्ट्राचा दावा आहे आणि ही गावं आपल्याला हाकेच्या अंतरावर आहेत. उदगीरच्या बाजारात मराठी, दखनी, कन्नड आणि तेलुगू कानावर पडतात. पुण्याच्या पोराला सीमाप्रश्न वर्तमानपत्रातून कळतो, तुमच्या तर नात्यागोत्यातच दोन्ही राज्यं असतात. मग या विषयावर तुम्ही पुण्याच्या पोरापेक्षा कमी का बोलता? कारण घरी माहीत असलेल्या गोष्टीला आपण ज्ञान समजत नाही. ही सवय आधी मोडा.

तिसरा प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. देशभर ती बातमी झाली. लातूर जिल्ह्याच्या उमेदवाराला अजूनही तो प्रश्न येऊ शकतो, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, ‘पाणी रेल्वेनं आणता, मग ऊस कशाला लावता?’ इथं रडगाणं चालत नाही. साखर कारखाने आहेत, उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, सोयाबीन आणि तुरीचा भाव मोंढ्यात कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून शेतकरी उसाकडं वळतो, हे कारण सांगा. त्यावर उपाय काय, तेही सांगा. अधिकारी म्हणून तुम्ही काय कराल, हे तुमच्या तोंडून यायला हवं. ज्यानं वडिलांबरोबर मोंढ्यात पट्टी घेतली आहे, त्याला हे उत्तर कुणी शिकवायला नको. त्याला ते फक्त मांडायला शिकायचं आहे.

आणि संमेलन. २२ ते २४ एप्रिल २०२२ ला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला, महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयात भरलं. अध्यक्ष भारत सासणे. ‘तुम्ही तेव्हा उदगीरलाच होतात. काय ऐकलंत, काय वाचलंत?’ असं विचारलं तर? ‘गर्दी खूप होती’ हे उत्तर कामाचं नाही. सासण्यांची एक तरी कथा वाचून जा. वाचली नसेल तर छंदाच्या रकान्यात ‘वाचन’ लिहू नका. त्या रकान्यात क्रिकेट लिहिलं असेल तर खेळ खरंच कळायला हवा. छंदाच्या एका खोट्या शब्दामुळं बाकीच्या खऱ्या उत्तरांवरही शंका येते.

पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलामुलींना तर मी हक्कानं सांगतो. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथं नागपूरच्या माफसू विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पशुधन विकास अधिकारी व्हायचं तर लोकसेवा आयोगापुढं बसावं लागतं. तिथं ‘उदगीर’ म्हटल्यावर ‘देवणी’ येणारच. देवणी गोवंश आपल्या शेजारच्या तालुक्याच्या नावानं ओळखला जातो, दूध आणि ओढकाम दोन्हींना उपयोगी. पांढरं अंग आणि काळसर तोंड तो वानेरा, अंगावर काळे ठिपके-पट्टे तो शेवरा, जवळजवळ सगळा पांढरा तो बालंक्या. हे तुमच्या आजोबांना पाठ आहे. त्यापुढं तुम्ही काय घालणार, ते सांगा. संकरित जनावरांच्या काळात देवणी का टिकवायची? उन्हाळा सोसण्याच्या ताकदीवर बोला, चाऱ्याच्या खर्चावर बोला, ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं काय झालं यावर बोला. शेजारच्या कंधारची लाल कंधारी आणि देवणी यांत फरक काय, हेही तयार ठेवा. गोठ्यात वाढलेल्या पोरीनं एसी खोलीत बसून हे ठामपणे सांगितलं की पॅनेल ऐकत राहतं. एवढं ठाम बोलणं अनुभवातूनच येतं.

तिसरं काम तोंडाचं.

आधी ‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर दीड-दोन मिनिटांचं करा. नाव, गाव आणि शिक्षण एका दमात. मग आजवर केलेलं एखादं काम, ज्यातून तुम्ही कसे आहात ते कळेल. शेवटी या नोकरीशी त्याचा संबंध. शब्दन् शब्द पाठ करू नका. पाठ केलेलं उत्तर मधेच तुटलं की माणूस कोसळतो. मुद्दे पाठ करा आणि वाक्यं दर वेळी नवी येऊ द्या.

मग मोबाईल समोर ठेवा आणि स्वतःला रेकॉर्ड करा. पहिल्यांदा बघाल तेव्हा लाज वाटेल. दर वाक्याला ‘म्हणजे काय की’ येत असतं, नजर छताला लागलेली असते, हात पेनाशी खेळत असतो. सांगणाऱ्या माणसावर तुमचा विश्वास बसणार नाही, व्हिडिओवर बसेल. काही दिवस हे रोज केलं की निम्मा घोळ आपोआप जातो.

त्यानंतर माणसं शोधा. एकट्या मित्रासमोर सराव करू नका, तो हसेल आणि तुम्हीही हसाल. एखादे निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतल्या मॅडम, पंचायत समितीतले एखादे साहेब, अशांना विनंती करा. उदगिरात अशी माणसं गल्लीगल्लीत आहेत आणि त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. त्यांना सांगा, ‘सर, मला गोड बोलू नका, तोडून विचारा.’ पहिला कठोर प्रश्न घरच्या गावात खाल्ला तर मुंबईत तो जड जात नाही. पॅनेलवर एक तरी बाई असू द्या. घराबाहेरच्या मोठ्या बाईंशी नजर मिळवून बोलायची सवय आपल्या पोरांना नाही, आणि ते खोलीत लगेच दिसतं.

‘सर, मला माहीत नाही’ हे चार शब्द तयार ठेवा. ते म्हणताना मान खाली घालू नका. यूपीएससी स्वतःच सांगते की मुलाखत म्हणजे उलटतपासणी नव्हे, ठरवलेल्या दिशेनं जाणारा तो सहज संवाद आहे, आणि त्यात उमेदवाराची समज, तोल आणि प्रामाणिकपणा पारखला जातो. ज्ञानाची परीक्षा लेखीत होऊन गेलेली असते. मग न येणाऱ्या प्रश्नावर थापा मारून आपण काय मिळवतो? थाप पकडायला समोरच्यांना एक उपप्रश्न पुरतो.

मधल्या वर्षांचंही असंच. ‘पदवी २०२१ ला झाली, मग आजपर्यंत काय केलं?’ हा प्रश्न आपल्या पोरांना सुरीसारखा लागतो. ‘काही नाही, घरीच होतो’ असं पुटपुटून ती मान टाकतात. घरी होतात म्हणजे काय करत होतात? वडिलांच्या आजारपणात शेती सांभाळली असेल, बहिणीच्या लग्नाचा हिशोब ठेवला असेल, गावातल्या पोरांची शिकवणी घेतली असेल, पूर्वपरीक्षा देऊन थोडक्यात हुकली असेल. ते सांगा. अडचण काय होती, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं, याच क्रमानं सांगा. तीन एकर कोरडवाहू शेतीत सोयाबीन काढून घर चालवणारा पोरगा निर्णय घेतो, मजुरांशी बोलतो, पैशाचं नियोजन करतो. त्याला ‘काही नाही’ म्हणणं हा स्वतःवरचा अन्याय आहे.

आता भाषा. ही भीती सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत विनाकारण. आपल्याकडं ‘काय करुलालास’, ‘कुठं जाऊलालास’ असं बोलतात. पुण्यात ते ऐकून कुणीतरी हसलेलं असतं, आणि ते हसू पोराच्या मनात घर करून बसतं. राज्यसेवेची मुलाखत मराठीत देता येते. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते, त्यासाठी दुभाषी असतो. मग तोडकं इंग्रजी बोलून स्वतःचं वजन कमी का करून घ्यायचं? पॅनेलपुढं सरळ, स्वच्छ, सगळ्यांना कळेल अशी मराठी बोला. एखादा गावाकडचा शब्द आला तर येऊ द्या, पुढं चला. त्याची लाज वाटून थांबलात तर ती लाज दिसते, शब्द दिसत नाही.

कंपनीची नोकरी असेल आणि कामच इंग्रजीत असेल, तर मात्र इंग्रजी शिकावीच लागेल. तिथं बोलीचा अभिमान पुरत नाही. पण तीही बोलूनच येते. रोज एक बातमी वाचा आणि पेपर मिटून पाच वाक्यांत सांगा. चुकलेलं चालेल, थांबलेलं चालणार नाही.

मराठवाड्यातलंच एक उदाहरण देतो. जालना जिल्ह्यातल्या रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख २०१५ च्या नागरी सेवा परीक्षेत २१ व्या वर्षी ३६१ वा आला. मुलाखतीत त्याला विचारलं गेलं की तू शिया की सुन्नी. आपण भारतीय मुसलमान आहोत, असं त्यानं उत्तर दिल्याचं त्यानं नंतर सांगितलं. असं उत्तर पाठ करून येत नाही. आपण कोण आहोत हे ज्याचं आधी ठरलेलं असतं, त्याला अवघड प्रश्न हलवू शकत नाही.

इथवर उमेदवारांना ऐकवलं. आता टेबलाच्या पलीकडं बसणाऱ्यांनीही ऐकावं.

१९८१ चा अजय हासिया खटला प्रत्येक निवड समितीनं वाचावा असा आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशात १५० पैकी ५० गुण तोंडी परीक्षेला होते. एकेका उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जाई, आणि प्रश्न आई-वडील कोण, राहता कुठं असले, अशी तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा प्रवेशात तोंडीला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानी ठरेल. मुलाखती टेप करून ठेवाव्यात, असंही न्यायालयानं सुचवलं. त्याला चार दशकं उलटली. आज प्रत्येक खिशात रेकॉर्डिंग करणारा फोन आहे. तरी किती संस्थांत मुलाखत रेकॉर्ड होते?

मानसशास्त्राचं सांगणंही याच दिशेचं आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये नोकरभरतीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. सगळ्यांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेल्या निकषांवर गुण, अशी बांधीव मुलाखत ही मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा माणूस पुढं काम कसं करील हे जास्त बरोबर सांगते. म्हणजे ‘मी माणूस बघताक्षणी ओळखतो’ असं म्हणणाऱ्या संचालकसाहेबांनी खुर्चीत बसण्याआधी प्रश्नांची यादी आणि गुणांचा तक्ता तयार करावा. तेवढा गृहपाठ उमेदवाराकडून अपेक्षित असेल, तर तो त्यांनीही करायला हवा.

मुलींना ‘लग्न झाल्यावर नोकरी करणार का?’ असं विचारणं बंद करा. मुलाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि मुलींनो, तोपर्यंत उत्तर तयार ठेवा. आवाज न चढवता सांगा, ‘सर, मी या पदाच्या सगळ्या अटी वाचून अर्ज केला आहे आणि त्या पाळणार आहे. माझ्या कामाबद्दल विचारा.’ एवढं बोलून थांबा. पुढचं अवघडलेपण त्यांचं त्यांना सांभाळू द्या.

आणि जिथं मुलाखतीआधी रकमेचं बोलणं होतं, तिथली गोष्ट वेगळी. आपल्या भागातली शिक्षक व्हायला निघालेली पोरं हे उघड बोलतात, ‘तयारी कशाची करायची, पाठाची का पैशाची?’ त्यांचा राग खरा आहे. अनुदानित शाळेतली नोकरी ही सरकारच्या म्हणजे लोकांच्या पैशातली नोकरी आहे. तिथं कुणी रक्कम मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. शेत विकून दिलेल्या पैशात मिळालेली नोकरी त्या घराला आयुष्यभर वाकवते, आणि त्या वर्गातल्या लेकरांना मिळायला हवा होता तो चांगला शिक्षक बाहेरच राहतो. पाठाच्या गुणांवर ज्याचा विश्वास आहे, त्यानं तो पाठ खऱ्या मुलांपुढं घेऊन बघावा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा, मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, सातवीला अपूर्णांक शिकवा. कंटाळलेल्या मुलांना जागं ठेवता आलं, तर निवड समिती अवघड नाही.

शेवटचं बोलणं गावाशी.

उदगीर हे गाव बोलू शकतं, हे आपण २०२२ च्या संमेलनात दाखवलं. तीन दिवस परिसंवाद झाले, कवितावाचनं झाली, मांडव माणसांनी भरले. मंडप, खुर्च्या, जेवणावळी, सगळं गावानं उभं केलं. मग वर्षाच्या बाकी दिवसांत आपल्या पोरांना बोलायला एक खोली आणि तीन खुर्च्या का मिळत नाहीत?

दर रविवारी सकाळी एका महाविद्यालयाचा एक वर्ग उघडा ठेवावा. पॅनेलवर तीन माणसं असावीत, त्यांत एक बाई आणि एक उमेदवाराच्या विषयाचा जाणकार. प्रत्येक उमेदवाराला वीस मिनिटं मिळावीत. बाकीच्यांनी मागं बसून बघावं, कारण दुसऱ्याचं अडखळणं बघूनही माणूस शिकतो. शेवटी प्रत्येकाला त्याचा व्हिडिओ आणि तीन सूचना लेखी द्याव्यात. फी घेऊ नये. बारावीची पोरंही येऊ द्यावीत, कारण बाविसाव्या वर्षी सुरुवात करायला उशीर होतो. याला शासनाचा निधी लागत नाही, ठराव लागत नाही, उद्घाटनाला पाहुणा लागत नाही. वर्गाची किल्ली लागते आणि यायची तयारी असलेली तीन मोठी माणसं लागतात.

महाराष्ट्र उदयगिरी असो, शिवाजी महाविद्यालय असो की पशुवैद्यकीय, तुमच्या विद्यार्थ्यांत बुद्धी कमी नाही आणि कष्टही कमी नाहीत. त्यांना ऐकून घेणारं कुणीतरी हवं आहे. प्राचार्य सर, पहिला रविवार जाहीर करा आणि पॅनेलवरची पहिली खुर्ची तुम्ही स्वतः घ्या.